स्कोमर, जून २०२६: पफिनच्या फोटोंसाठी नियोजनाची नोंद

आजची स्थिती: तारखा ठरल्या (१२ ते १८ जून), बेटावरचा एक मुक्काम आणि दिवसाच्या दोन फेऱ्या हाती आल्या, लेन्सचा वाद मिटला. व्हिसाचा अर्ज बाकी आहे, कारण प्रवासाच्या तीन महिने आधी तो करताच येत नाही.

ज्यांना बेट नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कोमर वेल्सच्या नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यालगत आहे. विस्तार जेमतेम तीन चौरस किलोमीटर. २०२५ च्या मोजणीत इथे ४३,६२६ पफिन (रंगीत चोचीचे, बिळात घरटं करणारे छोटे समुद्री पक्षी) भरले, तोवरचा उच्चांक. मुख्य भूमीवरच्या मार्टिन्स हेवनहून बोटीने पंधरा मिनिटं, उतरल्यावर ८७ पायऱ्या. दिवसाला अडीचशेच माणसं सोडतात, त्यामुळे जूनमधल्या जागा सर्वांत आधी संपतात. विमानाचं तिकीट आधी आणि बोट नंतर हा क्रम उलटा आहे. बोट मिळाली की मगच बाकीचं.

तारीख कशी काढली

‘एप्रिल ते जुलै कधीही जा’ असं सर्रास सांगितलं जातं. नुसता पक्षी बघायचा असेल तर ठीक. एप्रिलमध्ये पफिन येऊन-जाऊन असतात, आज बेट भरलेलं तर उद्या ओस. मेमध्ये जोडीतला एक बिळात अंड्यावर बसलेला. अंडं एकच, उबवायला साधारण चाळीस दिवस. पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात ती मेअखेर-जूनमध्ये, आणि तिथून पुढे चोचीत आडव्या माशांची ती ओळ दिसू लागते. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बेट रिकामं होतं. गिलेमॉट आणि रेझरबिल हे कड्यांवरचे समुद्री पक्षी त्याहून लवकर, जुलैच्या सुरुवातीलाच कडे सोडायला लागतात. तिन्ही हवे असतील तर दहा जून ते पाच जुलै एवढीच फट उरते. गुलाबी कॅम्पियनच्या फुलांत बसलेला पफिन हवा असेल तर मेअखेर जावं लागेल, पण मग माशांवर पाणी सोडायचं. आम्ही फुलं सोडली.

या फटीतला नेमका आठवडा ठरवला तो अमावास्येने. स्कोमरवर मँक्स शिअरवॉटर या समुद्री पक्ष्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या बिळांत राहतात आणि फक्त रात्री जमिनीवर उतरतात. चालायला हा पक्षी इतका अडखळतो की चांदण्यात मोठे कुरव त्याला सहज गाठतात. म्हणून चांदण्या रात्री तो समुद्रावरच थांबतो आणि काळोखात झुंडीने येतो. १५ जूनला अमावास्या आहे, मुक्कामाची रात्र तिच्याच शेजारची. सूर्यास्त साडेनऊनंतर, खरा काळोख अकरा-साडेअकराला, आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा उजेड. झोपेचा हिशोब त्यावरून करा. फ्लॅश अजिबात नाही, विजेरी लाल प्रकाशाची. बारा हजार आयएसओला (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) मिळेल ते मिळेल. त्या रात्री कॅमेऱ्यापेक्षा कानच जास्त कामाला येतात, असं माझं मत.

वाऱ्याचा घोळ

नियोजन फसतं ते बहुतेक वेळा इथे. मार्टिन्स हेवन आणि बेटावरचा नॉर्थ हेवनचा धक्का, दोन्ही उत्तरेला उघडे. उत्तरेचा जोर असला की ऊन कितीही लख्ख असो, बोट सुटत नाही. पावसाचा अंदाज बघून खूश होणाऱ्यांनी आधी वाऱ्याची दिशा बघावी. एकाच दिवसाची फेरी ठरवून लंडनहून पाच-सहा तास गाडी हाकत येणं म्हणजे जुगार. सात दिवसांत तीन संधी ठेवल्या आहेत त्या यासाठीच.

उडत्या पक्ष्यांचं गणितही वाऱ्यावरच. पफिन वाऱ्याला तोंड करून उतरतो, म्हणून वारा आपल्या पाठीवर हवा. तेव्हा पक्षी समोरून आणि हळू येतो. सगळे जिथे गर्दी करतात तो ‘द विक’चा कडा बेटाच्या दक्षिण बाजूला आहे. तिथे पाठीवर वारा हवा तर तो उत्तरेचा, आणि उत्तरेचा वारा असला की बोटच नाही! तेव्हा दक्षिणेचा किंवा नैऋत्येचा वारा असेल त्या दिवशी उडते फोटो नॉर्थ हेवनच्या उतारावर, आणि ‘द विक’ला फक्त बसलेले पक्षी. पूर्व-पश्चिम वारा असेल तर ‘द विक’ला बाजूने उडणारे मिळतील. अगदी पडलेल्या हवेत मात्र उडत्यांचा नाद सोडावा. मिनिटाला चारशेच्या आसपास पंख मारत, ताशी ऐंशी किलोमीटरने पक्षी निघून जातो.

बोट रद्द झाली तर पर्याय म्हणून एलेगग स्टॅक्स: मुख्य भूमीवरूनच दिसणारे सुळके, त्यावर गिलेमॉट आणि किटीवेक (छोटे कुरव). पण रस्ता लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीतून जातो आणि सरावाच्या दिवशी बंद असतो. वेळापत्रक आदल्या दिवशी बघणे.

लेन्स

सहाशेची प्राइम (झूम नसलेली ६०० मिलिमीटरची लेन्स) घरी राहणार. इथला पफिन माणसाला बुजत नाही, बुटाजवळून चालत जातो आणि लांब लेन्स तेवढ्या जवळ फोकसच करत नाही. इथे महत्त्वाचा आकडा मिलिमीटरचा नाही, किमान फोकस अंतराचा आहे. कॅननची १००-४०० (दुसरी आवृत्ती) ०.९८ मीटर, निकॉनची २००-५०० २.२ मीटर, सोनीची २००-६०० २.४ मीटर, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी २.८ मीटर. पहिली सोडून बाकीच्यांबरोबर ७०-२०० किंवा तत्सम दुसरी लेन्स लागेलच. ट्रायपॉड अरुंद पायवाटेवर अडचण करतो, शिवाय पक्षी जेमतेम वीतभर उंचीचा; त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं तर गुडघे टेकून, स्क्रीन उघडून कॅमेरा जमिनीलगत. गुडघ्यांखाली घ्यायला फोमचा तुकडा. कॅमेरा टेकवायची बीन बॅग नेलीत तर त्यात धान्य नको, कपडे भरा. बेटावर घुशींसारखे मोठे उंदीर नाहीत म्हणूनच बिळातले पक्षी टिकलेत, त्यामुळे बॅगा झाडून, साफ करून, चेन लावूनच बोटीत चढायचं.

सुरुवातीची सेटिंग: पातळ ढगांत एफ ६.३, १/२५०० सेकंद, आयएसओ १२५० ते २०००. बसलेल्यांसाठी १/८०० पुरे. काळी पाठ बघून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) उजेड वाढवतो आणि छातीची पांढरी पिसं जळून जातात. मॅन्युअलमध्ये छातीवर मोजा, झेब्रा (जळणाऱ्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावा, पाठ नंतर उचलता येते. मासे घेऊन आलेला पक्षी उभा राहतो तो दोन-चार सेकंद, कारण कुरव लुटायला टपलेले असतात. बर्स्ट (लागोपाठ फोटो) तयार ठेवा आणि पक्षी व त्याचं बीळ यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. वाट अडली तर तो घिरट्या घालत राहतो आणि पिल्लाचा घास लांबतो. वाट सोडून पाऊल टाकलं तर बिळाचं छतच खचतं.

सराव

मुंबईकरांना गेटवे-मांडवा लाँच आहे. मार्चपर्यंत लाँचमागे कुरव असतात. हलत्या बोटीवरून पांढऱ्या पक्ष्याचं एक्स्पोजर साधायला याहून स्वस्त शाळा नाही. पण कुरव संथ. वेगासाठी सकाळी सरळ रेषेत जाणारे पोपटांचे थवे पकडा, मागे झाडी असेल तिथेच. पफिनमागे कडा किंवा समुद्र असतो आणि फोकस तिथेच जाऊन चिकटतो, निळ्या आभाळावर केलेला सराव तिथे उपयोगाचा नाही.

बाकी कामं: व्हिसा (निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा), पेम्ब्रोकशायरमधल्या हॅव्हरफर्डवेस्टला गाडी, मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग आणि दोन वेळचं खाणं. बेटावर जेवण विकत मिळत नाही, आणि चार्जिंगवर विसंबू नका. माणशी चार बॅटऱ्या, विमानात त्या हातातल्या सामानात. बोट लागणाऱ्यांनी बोट सुटण्याच्या तासभर आधी गोळी घ्यावी. पुढची नोंद व्हिसा आल्यावर.