टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत, मातीतलं पाणी बघत

टेकडीचा माथा ते खालचा ओढा, एवढाच हा प्रवास. चालायला अंतर काहीच नाही, पण थोडं थोडं उतरून ऑगर (हाताने फिरवायचं माती काढायचं गिरमिट) जमिनीत घालायचा, माती वर काढायची, तिच्या रंगावरून भूजल कुठवर येतं ते बघायचं असं ठरलं होतं त्यामुळे अख्खा दिवस त्यातच गेला. सोबत माती सर्वेक्षणात आयुष्य घालवलेले एक सर होते आणि मन्सेलचं रंगांचं पुस्तक, त्यातल्या चौकोनांशी ढेकूळ जुळवून रंगाचा नंबर लिहायचा.

माथ्यावर माती उथळ, खडेच जास्त, आणि वरपासून खालपर्यंत तांबूस. इथे भूजल खूप खोल, पावसाचं पाणी मुरतं आणि निघून जातं, पोकळ्यांत हवा खेळती राहते, म्हणून लोह ऑक्साइड होऊन कणांवर बसून राहतं. त्यात हेमेटाइट हे लोहाचं खनिज असेल तर लाल, नुसतं गोथाइट हे दुसरं खनिज असेल तर पिवळसर तपकिरी. भूजलाची पातळीही टेकडीबरोबर वर चढते बरं का, पण जमिनीइतकी नाही, तिचा चढ सौम्य असतो, म्हणून माथ्यावर ती खोल आणि ओढ्यापाशी अगदी वर. उतारावर माती अशी साखळीने बदलत जाते ही कल्पना जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातींवरून मांडली, तिला कॅटेना म्हणतात.

निम्मा उतार उतरल्यावर खरी मजा सुरू झाली. तपकिरी मातीत करडे ठिपके आणि त्यांच्या कडेला गंजासारखे नारिंगी डाग, इतके स्पष्ट मी कधीच बघितले नव्हते!! होतं काय, पाणी वर चढून माती भरली की आत नवीन हवा येत नाही, सूक्ष्मजीव उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि मग सेंद्रिय पदार्थ खाताना ऑक्सिजनऐवजी लोहाला कामाला लावतात, गंजातल्या फेरिक लोहाचं फेरस लोह होतं, हे फेरस पाण्यात विरघळून सरकतं. लोह निघून गेलं तिथे कणांचा मूळ करडा रंग उघडा पडतो. पाणी उतरलं, हवा आली की तेच लोह दुसरीकडे गंजून डाग होतो. मँगनीजच्या काळ्या गाठीही दिसल्या. पुस्तकात ज्या रंगांचा क्रोमा (रंगाची तीव्रता) २ किंवा त्याहून कमी ते करडे डाग कुठल्या खोलीपासून सुरू होतात, तिथपर्यंत पाणी येऊन बराच काळ थांबतं असा अंदाज बांधता येतो.

मी विचारलं, "सर, इथे पाइप टाकून सरळ पाणीच मोजलं तर?"

"मोज की, पण ते आजचं पाणी. हा रंग कित्येक पावसाळ्यांचा आहे."

मला हे फार पटलं, कारण उन्हाळ्यात खड्डा कोरडा बघून जागा चांगली म्हणणारे लोक असतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथेच पाणी उभं राहतं.

पुढच्या खड्ड्यात मात्र उलटं, करडी माती वर आणि तपकिरी खाली! मध्ये चिकणमातीचा घट्ट थर होता, पाणी त्याच्यावरच अडतं, खरं भूजल कितीतरी खाली असतं. म्हणजे करडं दिसलं की भूजल वर असं धरून चालत नाही, अजून खाली खणून तपकिरी लागते का ते बघायलाच हवं.

ओढ्याजवळची जमीन पूर्ण चिबड. वर काळी, सेंद्रिय पदार्थांनी भरलेली, कारण हवा नसल्यावर कुजणं मंदावतं. खाली निळसर करडा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास, सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड झाल्याचा. सरांनी ताज्या ढेकळावर डायपिरिडिल या फेरस लोह ओळखणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले, लगेच गुलाबी, म्हणजे फेरस लोह आत्ता आहे. तेच ढेकूळ थोडा वेळ हवेत ठेवलं तर तपकिरी पडायला लागलं. आणि त्या करड्या चिखलातही मुळांच्या वाटांवर नारिंगी नळ्या, पाणथळ झाडं मुळांतून ऑक्सिजन सोडतात त्यामुळे झालेल्या!

कोरड्या हवामानात हाच खालचा भाग खारवट होतो, बारीक कणांच्या मातीत पाणी केशाकर्षणाने मीटरभर वर चढू शकतं, वाफ होऊन जातं आणि क्षार पांढरे राहतात.

शेवटचा खड्डा जुन्या चराच्या कडेला घेतला. माती पूर्ण करडी, पण डायपिरिडिल टाकलं तर काहीच नाही. चर खणल्यावर पाणी खाली गेलेलं असू शकतं, रंग मात्र माती दीर्घकाळ धरून ठेवते. पण एका थेंबाने ते ठरत नाही, माती कोरड्या दिवसांत बघितली तरी असंच दिसेल, म्हणून इथे सरांनीच पाणी मोजायला भोकांचा पाइप पुरायला घेतला, वर्षभर नोंदी ठेवायच्या ठरल्यात.