आमचें न्हय

17 जानेवारी, रात्रीचे साडेअकरा

सकाळी फाटकाशी उभी राहून दोन शब्द बोलले, ते अजून जिभेवरून उतरत नाहीत. ‘आमचें न्हय.’

रेबीजची लस टोचणारी माणसं वाड्यावर आली होती. दोन मुलगे, खांद्यावर लांब दांड्याच्या जाळ्या, आणि फोनवर प्रत्येक कुत्र्याची नोंद करणारी एक मुलगी. मी तुळशीला पाणी घालत होते. तो काळा कुत्रा पायरीवर, नेहमीच्या जागी, सकाळचं ऊन पहिल्यांदा पडतं तिथे वेटोळं करून पडला होता. मुलीनं बाहेरूनच विचारलं, ‘‘मावशे, हें तुमचें सुणें?’’ मी तांब्यासुद्धा खाली ठेवला नाही. म्हटलं, ‘‘आमचें न्हय. रस्त्यावयलें तें.’’

शेजारच्या वेदूनं तिच्या टायगरला मांडीत घेतलं, कान कुरवाळले, आणि सुई कधी आत गेली, कधी बाहेर आली ते त्याला कळलंही नाही. वेदूला एक कार्ड मिळालं. कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, लशीची तारीख. ह्याला धरायला कुणी नव्हतं म्हणून ह्याच्यावर जाळी पडली. तो ओरडला. पाच वर्षांत त्याच्या तोंडून तसला आवाज मी ऐकला नव्हता. मिनिटभराचं काम. टोचलं, डोक्यावर रंगाची खूण केली, सोडून दिलं, आणि तो मागे न बघता वरच्या काजूंच्या बाजूला पळाला. जाताना ती मुलगी मला म्हणाली, ‘‘भियेनाकात, ताका कांय जावचें ना.’’

आमचं नाही म्हणणाऱ्या बाईला तिनं धीर का दिला? माझ्या तोंडावर काय दिसलं तिला?

दुपारी बांगड्याची डोकी भातात कालवून ठेवली. आला नाही. कावळ्यांनी नेलं सगळं.

त्या मुलांवर राग धरण्यासारखं काही नाही. आम्ही लहान असताना पिसाळलेलं कुत्रं नुसतं तिस्काच्या नाक्यावर दिसलं अशी बातमी आली तरी घराघरांची दारं लागायची. चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. वर्षानुवर्षं ही माणसं उन्हातान्हात वाड्यावाड्यांतून फिरली म्हणून तर 2021मध्ये सरकारला जाहीर करता आलं, की गेल्या तीन वर्षांत गोव्यात रेबीजनं एकही माणूस गेलेला नाही. त्यांनी जाळी टाकली ते बरोबरच केलं. टाकावी लागली ती माझ्या उत्तरामुळे.

आणि हे नेमकं आज व्हावं. आज बेटी व्हाइटचा, त्या अमेरिकन नटीचा, वाढदिवस.

संध्याकाळी शमाचा फोन ठरलेला. ‘‘आई, कुठला एपिसोड लावू या?’’ तिकडे ती लावते, इकडे मी लावते, दोघी एकदम सुरू करतो. 2022पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आज मी म्हटलं, तूच निवड. ती म्हणाली, ‘‘आवाज का असा?’’ मी थंडीवर ढकललं. पौषातली थंडी आहेच, आंब्याचा मोहर घशाला लागतो, तिला पटलं.

‘द गोल्डन गर्ल्स’. मायामीतलं एक घर, त्यात चार बायका. तिघी विधवा, एक घटस्फोट झालेली. कुणालाच झोप लागत नाही, एकेक करत स्वयंपाकघरात येतात, चीजकेक काढतात आणि बोलत बसतात. ही मालिका 1985 ते 1992 चालली, म्हणजे ती सुरू होती तेव्हा मी संसारात बुडालेली, शमा पाळण्यात. मी ती बघितली पुष्कळ उशिरा, शमानंच लॅपटॉपवर लावून दिली तेव्हा. ह्यांना त्यातलं इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण रोझ, म्हणजे बेटी व्हाइट, तिच्या सेंट ओलाफ गावाच्या गोष्टी सांगायला लागली की हे पोट धरून हसायचे. म्हणायचे, आमची कुंकळ्ळीची आत्या अशीच. रोझला सगळे भोळी म्हणतात. मला ती भोळी कधी वाटली नाही. समोरच्यानं सांगितलेलं ती खरं मानते, एवढंच. नवरा गेल्यावरही तिनं ती सवय सोडली नाही.

आज मात्र रोझकडे बघवेना. पडद्यावर ती बोलत होती आणि माझं लक्ष पायरीकडे.

बेटी व्हाइटबद्दल मी जे काही वाचलंय ते बहुतेक ह्यांना वाचून दाखवायला म्हणून वाचलंय. 1922 साली जन्मली. टीव्ही हे यंत्र लोकांच्या घरात पोचायच्याही आधी, 1939मध्ये, लॉस एंजलिसच्या एका प्रायोगिक प्रक्षेपणात ती गायली होती. 1949मध्ये रोज साडेपाच तास, आठवड्याचे सहा दिवस थेट प्रक्षेपण करायची. 2010मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम तिनं पेललं. त्या चौघींत ही वयानं सगळ्यांत मोठी, आणि गेली सगळ्यांत शेवटी. एस्टेल गेटी 2008मध्ये गेली, बिया आर्थर 2009मध्ये, रू मॅक्लॅनहन 2010मध्ये. ही 2021च्या 31 डिसेंबरला. शंभरीला सतरा दिवस कमी.

त्या सतरा दिवसांत तिच्या चाहत्यांनी ठरवलं, की वाढदिवसाला जवळच्या प्राण्यांच्या आसऱ्याला पाच-पाच डॉलर द्यायचे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरूनच 1 कोटी 27 लाख डॉलर जमले. शमानं आमच्या नावानं इथल्या एका आसऱ्याला पाचशे रुपये पाठवले. हे खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, ‘‘पाठव गो. पण पायरीवरच्या पात्रांवाला आधी दूध घाल.’’

पात्रांव, म्हणजे मालक. हे सगळ्यांनाच पात्रांव म्हणायचे. पाव विकणाऱ्या पोदेराला, बसच्या कंडक्टरला, फुलवाल्याला, आणि ह्यालाही. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की हे दोन उंडे, म्हणजे गोल पाव, जास्त घ्यायचे. ‘‘पात्रांव, चाय जाली?’’ असं विचारून एक उंडा मोडून पुढे ठेवायचे. म्हणून मला ते नाव कधी वाटलंच नाही. ह्यांच्यानंतर ती हाकही घरातून गेली. मी खायला घालते पण हाक मारत नाही. वाटी आपटते, तो येतो.

दोन पावसाळे झाले.

मी कितीदा तरी स्वतःला विचारलं आज, का म्हटलंस तसं? वाड्यावरच्या तक्रारींची भीती होती, हे एक खरं. कुत्र्यानं कुणाच्या चपला नेल्या, कुणाच्या अंगणात घाण केली, की फाटकाशी कोण येतं ते मला ठाऊक आहे. एकट्या बाईला ऐकून घ्यावं लागतं. पण त्या मुलीनं विचारलं तेव्हा यातलं काहीच मनात आलं नव्हतं. उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं बाहेर पडलं. बँकेत ‘घरात कोण कोण?’ विचारतात तेव्हा मी जशी पटकन ‘एकटीच’ म्हणते, तसंच.

जेवण झाल्यावर फार वाईट वाटायला लागलं. खरं लिहायचं तर स्वतःचंच. बेटी व्हाइटला काय, वाटलं, पैसा होता, घरं होती, हाताखाली माणसं होती. ती म्हणायची, की प्राण्यांच्या कामाला पैसा लागतो म्हणून तर मी अभिनयाचा धंदा सोडत नाही. मी पेन्शनीत काय काय भागवू? गॅस, औषधं, कौलं शाकारायची. रात्री-अपरात्री तो आजारी पडला तर उचलून नेणार कोण? माझा उजवा खांदा हा असा. एक जीव ‘माझा’ म्हणायचा म्हणजे त्याच्यामागून दवाखाना आला, जागरण आलं, आणि पुढचं सगळं. ते सगळं मी एकदा करून बसलेय. पुन्हा नको.

असं सगळं मनात उगाळत असताना तिच्या वडिलांची गोष्ट आठवली. ती स्वतः हौसेनं सांगायची. 1930च्या मंदीत वडील रेडिओ तयार करून विकायचे. घ्यायला कुणापाशी पैसे नसत, मग रेडिओ देऊन बदल्यात कुत्री घरी आणायचे. ती म्हणायची, अडचण एवढीच, की रेडिओ खात नाहीत आणि कुत्री खातात! म्हणजे पैसा पुष्कळ नंतर आला. कुत्री आधीपासूनच होती. माझी आईही कधी शिल्लक मोजून भाकरी टाकत नसे. पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची. आमच्यातली एखादी कमी झाली तरी शेवटची झाली नाही.

तिचा नवरा ॲलन लडन 1981मध्ये गेला. अठरा वर्षांचा संसार. त्याच्या दहा वर्षांआधी, 1971मध्ये, तिनं ‘द पेट सेट’ नावाचा कार्यक्रम केला होता, 39 भागांचा, नामवंतांना त्यांच्या पाळीव प्राण्यांसकट बोलवायची. त्याची निर्मिती ॲलननंच केली. त्याच वर्षापासून ती मॉरिस ॲनिमल फाउंडेशनच्या कामात. प्राण्यांच्या आजारांवरच्या संशोधनाला ही संस्था पैसा पुरवते. नवरा गेल्यावरची चाळीस वर्षं तिनं तशीच काढली, दुसरं लग्न केलं नाही. पण घरात कुत्री आणत राहिली. एक गेलं की त्याच्यासाठी रडायची आणि दुसऱ्याला आणायची. पाँटियाक नावाचा तिचा सोनेरी कुत्रा अंध माणसांना वाट दाखवायच्या शिक्षणातून बाहेर पडलेला होता. त्याला तिनं घरी नेलं.

हे असं एकामागून एक ‘माझं, माझं’ म्हणायला केवढी छाती लागत असेल. मला एकदाही म्हणवलं नाही.

एक गोष्ट तर आज मला झोंबलीच. 2005मध्ये कॅट्रिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं. तिथल्या मत्स्यालयात वाचलेली पेंग्विन आणि समुद्री पाणमांजरं कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या मत्स्यालयात हलवायची होती. त्या विमानाचे पैसे हिनं भरले. आणि आपलं नाव कुठे येऊ दिलं नाही. लोकांना कळलं ते ती गेल्यावर. (पाणमांजरं म्हटलं की मला चोडणची फेरी आठवते. खारफुटीतून एक डोकं वर आलं होतं आणि ह्यांनी माझा दंड एवढ्या जोरानं धरला होता, की... असो.) तिनंही नाव बाहेर ठेवलं, मीही ठेवलं. तिची पाणमांजरं विमानातून सुखरूप गेली. माझ्या पायरीवरचा जाळीत अडकून ओरडला.

हे लिहून थोडा वेळ वही मिटली होती. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. खिडकीतून बघितलं.

तो आलाय. पायरीवर नाही, फाटकाच्या बाहेर, गटाराच्या कठड्यापाशी बसलाय. रस्त्याच्या दिव्यात डोक्यावरची रंगाची खूण दिसते. वाटी आपटली. कान हलले, उठला नाही. आणि मला एकदम हलकं वाटलं, का ते कळलं नाही. रागावलाय म्हणजे माझ्यावरच ना? त्या मुलांवर नाही, वेदूवर नाही. परक्यावर कोण असं रुसून बसतं? मी ‘आमचें न्हय’ म्हटलं ते त्या मुलीच्या फोनात गेलं असेल. त्याच्या डोक्यात काही गेलेलं दिसत नाही.

बेटी व्हाइटला लहानपणी वनरक्षक व्हायचं होतं. तेव्हा मुलींना घेत नसत. 2010मध्ये अमेरिकेच्या वनखात्यानं तिला मानद वनरक्षक केलं, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. मी तर तिच्याहून पुष्कळ लहान आहे अजून.

सकाळचा एक उंडा डब्यात होता. तो घेऊन फाटकापर्यंत गेले, अनवाणीच. अर्धा मोडून पुढे ठेवला. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तर ते ह्यांनी दिलेलं नाव माझ्या आवाजात कसं लागेल तेच कळेना. पहिल्यांदा नीट निघालं नाही. दुसऱ्यांदा निघालं. ‘‘पात्रांव.’’

तो उठून आला नाही. शेपूट जमिनीवर दोनदा आपटलं. उंडा ठेवून मी आत आले, फाटक मात्र लोटून न घेता तसंच ठेवलंय.

ती माणसं उद्या खडपाबांधला आहेत, असं वेदू सांगत होती. चालत वीस मिनिटं. सकाळी जाऊन त्या मुलीला गाठायचं आणि सांगायचं, की काल त्या काळ्याची नोंद चुकली, मला त्याचं कार्ड करून द्या. लस तर टोचून झालेलीच आहे, नुसतं नाव घालायचंय. कुत्र्याचं नाव काय ते तिनं विचारलं तर आता सांगता येईल. मालकाच्या नावापुढे ह्यांचं घालायचं की माझं, ते मात्र ठरत नाहीये.