कॉंक: मुक्कामानेच कळणारं गाव

दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों भागातलं कॉंक बहुतेक पर्यटक दोन तासांत उरकतात. माझं मत विचाराल तर मुक्काम करणार नसाल तर एवढा घाटरस्ता तुडवत येऊच नका.

पॅरिसहून रोदेझला रात्रीची रेल्वे आहे, तुलूझहूनही गाड्या येतात. पुढच्या ४० किलोमीटरना बसच्या भरवशावर न राहता गाडी भाड्याने घ्या. ती गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवायची. गल्ल्या दगडी आणि उभ्या चढाच्या, त्यामुळे चाकांच्या बॅगेपेक्षा पाठपिशवी बरी.

सँत-फ्वा या ख्रिस्ती संत मुलीचं मठ-चर्च ११व्या-१२व्या शतकातलं. हिच्या अस्थी नवव्या शतकात इथल्या एका भिक्षूने आजां गावातून चक्क चोरून आणल्या, आणि त्यामुळे यात्रेकरूंची रीघ लागली! गाव ते लपवत नाही. अस्थींसाठी घडवलेली रत्नजडित सोन्याची मूर्ती शेजारच्या खजिन्यात आहे. तिकीट काढून बघाच. क्रांतीच्या काळात गावकऱ्यांनी हा ऐवज घराघरांत लपवून वाचवला, असं सांगतात.

चर्चच्या दारावरच्या अंतिम न्यायाच्या (जगाच्या शेवटी कोण स्वर्गात, कोण नरकात याचा निवाडा) शिल्पपटात १२४ आकृती आहेत. दार पश्चिमेला, म्हणून दुपार कलल्यावर जा. जुन्या रंगांच्या खुणाही तेव्हा उठून दिसतात. स्वर्गाची बाजू शिस्तीची आणि जराशी कंटाळवाणी. सगळी मजा नरकात: गळ्यात पैशांची थैली अडकवून टांगलेला कंजूष शोधा. कमानीच्या कडेवरून डोकावणारे छोटे चेहरे तर दुर्बीण असेल तरच नीट दिसतील.

आतल्या १०४ खिडक्या रोदेझमध्ये जन्मलेल्या प्येर सुलाज या चित्रकाराच्या. काम १९९४मध्ये पुरं झालं. काच बिनरंगी, आरपार न दिसणारी. सकाळी तिच्यात निळसर झाक येते, दुसऱ्या बाजूला केशरी. तासाभराने तीच खिडकी वेगळी. म्हणून तर मुक्काम हवा. हंगामात रात्रीच्या प्रार्थनेनंतर शिल्पपटाची माहिती देतात आणि ऑर्गनही वाजतो. निरूपण फ्रेंचमध्ये असतं, तेव्हा आधी थोडं वाचून जा.

शाकाहाऱ्यांनी आलिगो मागवावं: बटाटा, ताजं चीज, लसूण, लांबच लांब तार निघेपर्यंत घोटलेलं. सोबत सॉसेज येतं, ते नको म्हणून आधीच सांगा. ल प्वी शहरातून स्पेनमधल्या सांतियागो तीर्थाकडे चालत निघालेले यात्रेकरू इथे थांबतात, त्यामुळे मे-सप्टेंबरात खोली आधी राखून ठेवा. हिवाळ्यात मात्र खाणावळ उघडी आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या.