१२ बाय १६ चं परडं, सांगली : मे ते फेब्रुवारीची नोंद

मोजमाप आधी. उत्तर-दक्षिण १६ फूट, पूर्व-पश्चिम १२ फूट. पश्चिमेला घर, साधारण १२ फूट उंच. बाकी तिन्ही बाजूंना ५ फुटी कुंपणभिंत. माती कृष्णाकाठची काळी, चिकट. पाणी नळाचं, त्याला बोअरची जोड.

मे, पहिला आठवडा

लहान परड्यात जागा कमी पडते असं सगळे म्हणतात. खरं तर कमी पडतं ते ऊन. कागदावर वाफे आखण्याआधी सावली आखावी, आणि ती मे महिन्यात डोळ्यांनी बघून आखू नये. ७ मेच्या सुमारास सांगलीत सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्या आठवड्यात दक्षिणेची भिंत दुपारी सावलीच टाकत नाही, म्हणून भिंतीला चिकटून टोमॅटो लावावेत असं वाटतं. डिसेंबरात तीच भिंत सव्वाचार फूट जागा झाकून टाकते.

हिशेब सोपा आहे. डिसेंबर अखेरीस सांगलीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो. भिंतीच्या उंचीला ०.८५ ने गुणलं की उत्तरेकडे पडणारी सावली मिळते. साताऱ्यात ०.८७ धरावं. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले साडेबारा. दुपारनंतर घराची सावली पूर्वेकडे सरकते. १२ फूट उंचीचं घर डिसेंबरात दीडच्या सुमारास पहिले ४ फूट झाकतं आणि तीन वाजता सावली पूर्वेच्या भिंतीजवळ पोचते.

यावरून आखणी अशी ठरली. घरालगतचा ४ फुटांचा पट्टा पिकाला द्यायचाच नाही. तिथे पाण्याची टाकी, खताचं पिंप, अवजारं आणि ये-जा. पूर्वेच्या भिंतीपासून १ फूट सोडून ७ फूट लांबीचे वाफे. दक्षिणेकडून मोजत गेलं तर ४ फूट हळदीचा पट्टा, दीड फूट वाट, ३ फूट वाफा, दीड फूट वाट, ३ फूट वाफा, दीड फूट वाट आणि शेवटी उत्तरेच्या भिंतीला दीड फुटात वेलांची ताटी. बेरीज १६. उंच वाढणारं सगळं उत्तरेला ठेवायचं, नाहीतर हिवाळ्यात दोडक्याची सावली मेथीवर पडते. वाफा ३ फुटांहून रुंद नको, कारण दोन्ही वाटांवर बसून हात मधोमध पोचला पाहिजे. काळ्या मातीत एकदा पाय दिला की ती दडपते आणि हंगामभर सुटत नाही.

मे, तिसरा आठवडा

वाफे विटांचे, सिमेंट न लावता नुसते रचलेले. एका वाफ्याच्या एका थराला २७ विटा, तीन थरांना ८१, फूटतूट धरून ८५. उंची ९ इंच. खालच्या थरात दर २ फुटांवर बोटभर फट ठेवायची, तिथून पावसाचं पाणी निघतं. तळ आधी कुदळीने ६ इंच खणून ढेकळं तशीच ठेवली. गुळगुळीत तळावर पाणी साचतं.

एका वाफ्यात पावणेसोळा घनफूट मिश्रण बसतं. प्रमाण घमेल्याने धरलं: ४ घमेली काळी माती, ३ घमेली कुजलेलं शेणखत किंवा प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), २ घमेली कुजलेलं चिपाड, १ घमेलं जाडसर वाळू. शिवाय वाफ्याला १ किलो निंबोळी पेंड. काळ्या मातीत नुसती वाळू ओतून ती मोकळी होत नाही. थोडी वाळू घातली तर ती चिकणमातीत रुतते आणि वाळल्यावर ढेकूळ आणखी टणक होतं. माती मोकळी होते ती सेंद्रिय भागामुळे, वाळू फक्त साथीला.

प्रेसमड कारखान्यावरून ताजा आला तर निदान दोन-तीन महिने ढीग लावून, पलटी देऊनच वापरावा. त्यात मेण असतं, कुजताना तो तापतो आणि वासही मारतो. शेणखत चाळूनच घ्यावं. चाळणीवर इंग्रजी 'सी'सारखी वळलेली पांढरी अळी दिसली तर ती हुमणी. उसाच्या पट्ट्यातल्या शेणखतात ती हमखास येते आणि एक अळीसुद्धा एका वाफ्यातली पाच-सहा रोपं मुळापासून खाते.

याच आठवड्यात हळद लावली. दक्षिणेच्या पट्ट्याला हळदच का, हे सांगायला हवं, कारण सगळ्या आखणीत हा भाग आम्हाला सर्वात पटलेला आहे. जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेला झुकलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीची सावली परड्यात येतच नाही. सप्टेंबर अखेरीस ती पावणेदोन फूट होते, ऑक्टोबर अखेरीस तीन फूट. हळदीची पानं जून ते ऑक्टोबर जोमात असतात आणि डिसेंबर-जानेवारीत ती आपोआप पिवळी पडून वाळतात. म्हणजे सावली पडते तेव्हा पिकाला उन्हाची गरजच उरलेली नसते. शिवाय थोडी सावली हळदीला चालते. टोमॅटोचं नेमकं उलटं, त्याला हिवाळ्यातच ऊन हवं.

वाण सेलम. ३५ ते ४० ग्रॅमचे, डोळे फुगलेले गड्डे, म्हणजे हळदीचे मधले मूळ कंद. ९ इंच उंचीच्या गादीवाफ्यावर दोन ओळी, दोन गड्ड्यांत १ फूट, खोली २ इंच. १४ गड्डे बसले. पाऊण किलो बियाणं आणलं की मऊ पडलेले, सुरकुतलेले बाजूला काढता येतात. लावण्याआधी ट्रायकोडर्मा (कंदकुजीला आळा घालणारी मित्रबुरशी) शेणकाल्यात कालवून त्यात बुडवले. सपाट जमिनीत हळद लावू नये. जुलैत दोन दिवस पाणी तुंबलं की कंदकूज सुरू होते, पान कडेने पिवळं पडतं आणि झाड ओढलं की बुंधा हातात येतो. तेव्हा उपाय शून्य, ते झाड मातीसकट काढायचं. भिंतीच्या पूर्व कोपऱ्यात, जिथे नेहमी ओल राहते, तिथे अळूचे तीन कांदे.

जून, शेवटचा आठवडा

ताटीला ५ बांबू, प्रत्येक ८ फुटी, दीड फूट जमिनीत. वर ६ इंची चौकटीची नायलॉन जाळी. दोडक्याच्या २ आणि कारल्याच्या २ जागा, प्रत्येक जागी ३ बिया टोकून शेवटी एकच रोप ठेवलं. जास्त रोपं ठेवण्याचा मोह होतो. ७ फुटांच्या ताटीला चार वेल पुरेसे आहेत, पाचव्याने पानांची गर्दी होते आणि ओलसर हवेत केवडा हा पानांवरचा रोग झपाट्याने पसरतो.

जुलै, तिसरा आठवडा

दोन वाफ्यांत फरक दिसू लागला. दुसऱ्या वाफ्यात चिपाड पुरतं कुजलेलं नव्हतं, हातात घेतलं तर धागे तुटत नव्हते. तिथली वांग्याची खालची पानं फिकट पिवळी, वाढ थांबलेली. पहिल्या वाफ्यात त्याच ट्रेमधली रोपं काळपट हिरवी. कच्चं चिपाड कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाडाला ते मिळत नाही. रोग समजून फवारणी करण्यात अर्थ नव्हता. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम युरिया विरघळवून एका वाफ्याला दिला, दहा दिवसांनी पुन्हा. दुसऱ्या पाण्यानंतर नवीन पान हिरवं निघालं. ज्यांना युरिया नको त्यांनी शेण-गोमूत्राची स्लरी द्यावी, पण दर आठवड्याला आणि चार वेळा तरी.

पाचट घरीच कुजवायचं असेल तर शेतातलंच प्रमाण लहान करावं. शेतात १ टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू सांगतात. २५ किलो पाचटाला म्हणजे २०० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. तुकडे चार बोटांचे करावेत. ओल एवढी हवी की मुठीत दाबलं तर हात ओला होईल पण थेंब पडणार नाही.

पावसात पाचटाच्या आच्छादनाखाली गोगलगायी साठल्या. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाटेवर टाकायचं, सकाळी उचलून खालच्या सगळ्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. ते पाणी वाफ्यात ओतू नये. सलग आठ दिवस केलं की त्रास आटोक्यात येतो. आच्छादन ३ इंच जाड आणि खोडापासून २ इंच दूर. घराच्या जोत्याजवळ पाचट अजिबात टाकू नये, वाळवी आधी पाचटात येते आणि मग चौकटीकडे जाते.

ऑगस्ट

हळदीला भरणी लावली. कंद उघडा पडला की हिरवा होतो आणि पोसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी ३ इंच माती चढवून वर शेणखत.

दोडक्याला फुलं भरपूर, पण दोडके बोटभर होऊन पिवळे पडून गळत होते. परागीभवनच झालेलं नव्हतं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्या वेळी मधमाशा परतलेल्या असतात. सहा-साडेसहाला नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. मादी फुलाच्या देठाशी इवलासा दोडका असतो, त्यावरून ते ओळखता येतं. एका नर फुलात तीन मादी फुलं होतात. कारलं आणि घोसाळं सकाळी उमलतं, त्याला हा खटाटोप सहसा लागत नाही. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या गोळीचा) एक सापळा ताटीच्या उंचीवर टांगला. आंब्याचा सापळा वेलांना चालत नाही, त्यातली गोळी वेगळी असते. डंख बसलेलं फळ जमिनीवर पडू द्यायचं नाही, अळी मातीतच कोष करते.

पावटा महिन्याच्या अखेरीस, दोडक्याच्या शेजारी टोकला. गावरान पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावला तर चार महिने नुसता पाला वाढतो आणि ताटी अडून राहते.

ऑक्टोबर

पाऊस थांबला, ठिबक जोडलं. २०० लिटरची टाकी ४ फुटी घडवंचीवर, १६ मिमीची नळी, वाफ्याला दोन ओळी, फुटाफुटाला ड्रीपर, एका वाफ्याला १४. इथे बरेच जण फसतात. ड्रीपरवर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं ते पंपाच्या दाबाला. ४ फूट उंचीवरून जेमतेम सव्वा ते दीड लिटर पडतं. दाब सारखा ठेवणारे महागडे ड्रीपर घेतले तर ते एवढ्या कमी दाबाला नीट चालतच नाहीत. साधे, उघडून धुता येणारे बटण ड्रीपर घ्यावेत. ऑक्टोबरच्या उन्हात एका वाफ्याला रोज १० लिटर लागतं, म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी. मार्चमध्ये १४ लिटर धरावं.

बोअरचं पाणी दिलेल्या कडेला मातीवर पांढरी खपली आली. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचा हाच आजार छोट्या वाफ्यात लवकर दिसतो, कारण थोडं-थोडं पाणी रोज देऊन क्षार वरच राहतात. आठवड्यातून एकदा नळाचं पाणी दुप्पट द्यावं, म्हणजे क्षार विटांच्या फटीतून खाली निघून जातात. घेवडा क्षाराला सगळ्यात नाजूक, त्याची पानं कडेने करपतात. वांगं आणि टोमॅटो त्या मानाने सोसतात. पालक तर बराच सोसतो.

वाफे ९ इंचांवरून साडेसहावर बसले होते. त्यात काही चुकलेलं नाही, सेंद्रिय भाग कुजला की असंच होतं. प्रत्येकी ५ घमेली खत-माती वर घातली.

नोव्हेंबर ते जानेवारी

पहिला वाफा पालेभाजीचा. ७ फूट म्हणजे फुटाफुटाचे ७ पट्टे, दर रविवारी एक पेरायचा. मेथी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या पट्ट्यात, मधल्या तिनांत कोथिंबीर, शेपू, पालक. पट्ट्याला मेथी १० ग्रॅम, त्याहून दाट पेरली की मधली रोपं पांढुरकी आणि उंचाडी होतात. धने चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजवायचे. मेथी चौथ्या आठवड्यात मुळासकट काढली की पट्टा मोकळा. त्यात मूठभर खत घालून त्याच दिवशी पुन्हा पेरणी.

दुसऱ्या वाफ्यात कृष्णाकाठची हिरवी काटेरी वांगी, दोन फुटांवर ३ झाडं. एवढ्याशा वाफ्यात तीनच झाडं पाहून हात शिवशिवतात, पण नोव्हेंबरात ती एकमेकांना भिडलीच. शेंडा मलूल दिसला की अळी आत आहे. दोन इंच खाली कापून साबणाच्या पाण्यात टाकावा. हे रोज सकाळी, चुकवता नये. तीन झाडांना पाच मिनिटं लागतात. भोक पडलेली वांगी झाडाखाली ठेवू नयेत.

फेब्रुवारी, दुसरा आठवडा

हळदीची पानं पूर्ण वाळली. जानेवारीच्या शेवटापासून पाणी बंद होतं. पाला जमिनीलगत कापून चार दिवसांनी कुदळ बाजूने घालून गड्डे उकरले. १४ पैकी १२ झाडं चांगली, दोन कोपऱ्यातली, अळूच्या बाजूची, कुजलेली. पुढच्या वर्षी अळू आणि हळद यांच्यात दीड फूट कोरडी वाट ठेवायची. गड्डे आणि हळकुंडं वेगळी केली, कारण गड्ड्याला शिजायला जास्त वेळ लागतो. हळकुंडं बुडतील एवढ्या पाण्यात पाऊण ते एक तास, काडी सहज आरपार गेली की झालं. कमी शिजलेलं वाळल्यावर ठिसूळ होतं, जास्त शिजलं तर रंग उतरतो. वाळायला बारा ते पंधरा दिवसांचं ऊन, ओल्याचं वाळून साधारण पाचवा हिस्सा उरतो. बियाण्याचे गड्डे धुवायचे नाहीत, सावलीत, वाळलेल्या पाल्याखाली ठेवायचे.

वांग्याची झाडं ९ इंचांवर छाटली, आळ्यात प्रत्येकी दोन मुठी निंबोळी पेंड आणि पाणी. मार्च अखेरीस नवी फूट फुलावर येईल. हळदीच्या पट्ट्यात तोवर तागाची पेरणी, कोवळा असतानाच मेच्या सुरुवातीला गाडायला.