उपवासाच्या दिवशी रक्तदान नको

खारघर, उपवासकाळातला रविवार, रात्री

ईस्टरआधीचा उपवासकाळ (लेंट) सुरू झाला की चर्चच्या युवा गटात रक्तदान शिबिराचा विषय निघतोच, आणि तारीख सुचते ती बहुधा शुभ शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची. त्यामागची भावना खरी आहे. प्रभूने ज्या दिवशी रक्त सांडलं, त्या दिवशी आपणही थोडं द्यावं, असं विशी-बाविशीतल्या मुलांना मनापासून वाटतं. तरीही ती तारीख नको, असंच मी म्हणेन.

पहिलं कारण साधं आहे. त्या दिवशी सगळ्यांचा उपवास असतो, वर क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची आठवण करणारी प्रार्थनायात्रा, उन्हातून चालून झालेली असते. रक्तपेढीच्या नियमात उपाशी माणसाचं रक्त घेणं बसत नाही; दात्याने गेल्या चार तासांत काहीतरी खाल्लेलं हवं. पोट रिकामं, शरीरात पाणी कमी आणि त्यात ३५० मिलिलिटर रक्त गेलं की रक्तदाब उतरतो. खाटेवर गरगरलं तर डॉक्टर शेजारीच असतात. खरा धोका उठल्यावर असतो, चहाच्या टेबलाकडे जाताना किंवा हॉलचा जिना उतरताना. म्हणून आपल्या मुलांनी खाटांभोवती गर्दी करू नये. दोघांनी टेबलापाशी आणि एकाने जिन्याच्या तोंडाशी उभं राहावं. कोणी पांढरं पडलं, कपाळावर घाम आला, तर तिथेच आडवं करायचं, पाय उंच धरायचे आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. दान झालेल्या प्रत्येकाला पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, लगेच दुचाकीला किक मारू द्यायची नाही.

दुसरं कारण हिशोबाचं आहे. लाल पेशींची पिशवी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकते. पुरुषाने एकदा रक्त दिलं की पुढचे ९० दिवस आणि स्त्रीने १२० दिवस थांबायचं असतं. गटातल्या सगळ्यांनी शुभ शुक्रवारी एकदम दिलं, तर ते रक्त मे संपता संपता संपतं किंवा मुदतबाह्य होतं, आणि नेमकं तेव्हा आपल्यातलं कोणीच देऊ शकत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी. पाठोपाठ पावसाळा, म्हणजे डेंग्यू-मलेरिया. मलेरियातून बरं झाल्यावर तीन महिने आणि डेंग्यूनंतर सहा महिने रक्त देता येत नाही, त्यामुळे दाते आणखी घटतात. त्यापेक्षा गटाचे तीन भाग करावेत: एक उपवासकाळातल्या रविवारी, दुसरा मेच्या मध्यावर, तिसरा जुलैत. फोटोत गर्दी कमी दिसेल, दिसू दे.

उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधल्या यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. देवाला कोणता उपवास आवडतो, तर भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा. तो वाचून झाल्यावर तारीख आपल्या सणाची धरायची की रुग्णाच्या गरजेची, याबद्दल माझ्या मनात तरी शंका राहत नाही.

रविवार धरला तर सकाळच्या मिस्सेनंतर आधी नाश्ता, मग नोंदणी. नाश्त्याला इडली, केळी, कमी तेलाचे पोहे. वडे-समोसे नकोत, तेलकट खाल्लं की रक्तद्रव (प्लाझ्मा) गढूळ होतो आणि पिशवी वाया जाऊ शकते. दोन ग्लास पाणी प्रत्येकाला. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. महापे-ऐरोलीत रात्रपाळी करून थेट मिस्सेला आलेल्यांना घरी झोपायला पाठवायचं. वर्षभरात टॅटू काढला असेल तर तेही थांबतील.

आता जे सर्वात जपायचं ते. आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात. फादर दारात उभे, आई नोंदणीला, मैत्रीण शेजारच्या खुर्चीत. अशा वेळी प्रश्नावलीत खरं उत्तर द्यायला मोठं धैर्य लागतं. पण रक्तातून पसरणारा संसर्ग नुकताच झाला असेल तर तो काही काळ चाचणीत सापडत नाही, त्यामुळे दात्याचं खरं उत्तर हीच रुग्णाची पहिली ढाल. म्हणून प्रश्नावली पडद्याआड भरू द्यावी. ‘आपल्या गटातल्या शंभर टक्के मुलांनी दिलं’ अशी घोषणा वेदीवरून नको, भेटवस्तू नको, आणि परत आलेल्याला ‘का रे, तुझं का नाही घेतलं?’ हे तर कोणीच विचारायचं नाही. बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन कमी भरतं. त्यांनी डॉक्टरांना दाखवावं. शिबिरात त्यांना काम आहेच: नोंदवही सांभाळायला तितकीच चोख माणसं लागतात.

शिबिराहून अधिक गरज आहे ती प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, देणाऱ्यांच्या यादीची. इथे खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, देशभरातून कर्करुग्ण येतात. केमोने प्लेटलेट घसरतात आणि परगावच्या नातेवाइकाला या शहरात ओळखीचं कोणी नसतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवून. आधीपासून साठवून भागत नाही, माणूसच लागतो. दात्याला दीड-दोन तास द्यावे लागतात, वजन किमान ५० किलो, शीर ठळक हवी, आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. मशीन प्लेटलेट वेगळ्या काढून बाकी रक्त परत सोडतं. ओठांना मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. लगेच परिचारिकेला सांगायचं, ती वेग कमी करते किंवा कॅल्शियमची गोळी देते. ४८ तासांनी पुन्हा देता येतं, वर्षात जास्तीत जास्त २४ वेळा.

यादीत नाव, रक्तगट, फोन, शेवटच्या दानाची तारीख आणि दिवसा सुटी कधी, एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकताना रुग्णालय, रक्तगट, नातेवाइकाचा फोन आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ हे हवंच. रुग्णाचा फोटो नको. गरज भागली की त्याच गटात ‘पूर्ण’ असं लिहायचं. नाहीतर तो निरोप महिनोन् महिने फिरतो आणि शोकात असलेल्या घरी फोन जात राहतात.

दात्यासोबत गटातला एक जण जातोच. तिथे नातेवाईक भेटले तर जेवलात का, राहायची सोय झाली का, एवढं विचारायचं. प्रार्थना त्यांनी मागितली तरच.

पुढच्या रविवारपर्यंत फोन करणाऱ्या दोघांची नावं ठरायला हवीत, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. फलक नंतर छापू.