आमची वाटचाल : चिऱ्याच्या भिंतींतलं नेटवर्क

सिंधुदुर्गात एखादं नवं ऑफिस उभं राहतं तेव्हा कामाची रांग ठरलेली असते. आधी गवंडी, मग वायरमन, मग सुतार, पीओपीवाला, रंगारी. उद्घाटनाची पत्रिका छापून आली की मालकांना आठवतं, संगणक एकमेकांना जोडायचे राहिले. मग आम्हाला फोन येतो : "उद्या येऊन जरा वायरी टाकून जा." आमच्या छोट्या फर्मची आजवरची वाटचाल म्हणजे या रांगेत शेवटच्या जागेवरून पुढे सरकत येणं.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. सुरुवातीला टेलिफोनची आणि ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची, कामं करायचो. तेव्हा तालुक्याच्या गावी एका ऑफिसात एक संगणक असला तरी पुष्कळ. पुढे पतसंस्था, काजूचे कारखाने, सीएंची ऑफिसं, दवाखाने एकेक करून संगणकावर आले. ज्याला टेलिफोनच्या तारा ओढता येतात त्याला नेटवर्कची केबलही जमणार, असं लोकांनी धरूनच चाललं होतं. हात तोच लागतो, पण नियम वेगळे. ते नियम मुळापासून समजून घेतले, हेच आमचं भांडवल.

एक काम सविस्तर सांगतो, कारण आमचं नाव त्याच्यामुळे झालं. एका पतसंस्थेत सकाळी सगळं सुरळीत चालायचं आणि दुपारी गर्दी झाली की काउंटर अडकायचे. संगणकांना एकमेकांशी जोडणारं यंत्र, म्हणजे नेटवर्कचा स्विच, बदलून झाला, संगणक फॉरमॅट झाले, सॉफ्टवेअरवाल्यांना बोलून झालं. आम्ही गेलो आणि आधी केबलच्या टोकाचा एक प्लग उजेडात धरून बघितला. आधीच्या कारागिराने आठही तारा ओळीने बसवल्या होत्या : नारिंगी जोडी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम तोच, म्हणून साध्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागत होते. पण केबलमधल्या चार जोड्या उगाच पिळलेल्या नसतात. जोडीतल्या दोन तारांवर एकाच संदेशाची सुलट आणि उलट रूपं धावतात. पिळामुळे बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. प्लगमध्ये १ आणि २ ही एक जोडी, ३ आणि ६ ही दुसरी. मधल्या ४-५ वर टेलिफोनच्या काळापासून वेगळी जोडी बसते, म्हणून ३ आणि ६ यांच्यात हे अंतर आहे. तारा ओळीने लावल्या की ३ वर हिरव्या जोडीतली तार येते आणि ६ वर निळ्या जोडीतली. संदेश दोन वेगळ्या पिळांत विभागला जातो आणि एका जोडीतलं दुसरीत झिरपतं. काम थोडं असेल तर निभावतं. दोन्ही बाजूंनी एकदम वाहतूक सुरू झाली की चुका वाढतात, तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि काउंटरसमोरची माणसं ताटकळतात.

आम्ही तिथे एकही केबल बदलली नाही. सगळी टोकं कापून टी५६८बी या ठरलेल्या रंगक्रमाने नव्याने बसवली : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडायचा नाही, हे माझ्या हाताखालच्या मुलांनी त्याच कामावर हातात बसवून घेतलं. व्यवस्थापक साहेबांनी पुढे त्यांच्या बाकीच्या शाखाही आमच्याकडे सोपवल्या.

आता भिंतींविषयी. केबलिंगची माहिती देणारी बहुतेक पुस्तकं जिप्समच्या पार्टिशनच्या किंवा विटांच्या भिंती गृहीत धरतात. आमच्याकडे जांभ्याचा चिरा. एका कामावर वयस्कर गवंडीदादांनी मला विचारलं, "ह्या चिऱ्यात तू पायप खंय घालतलंस?" प्रश्न अगदी रास्त होता. चिरा एका ठिकाणी भुसभुशीत तर वीतभर पलीकडे टणक. कटर लावला की सरळ झिरी पडायच्या ऐवजी कधी ढलपाच निघून येतो. त्यात अनेकांना चिऱ्याची भिंत गिलावा न करता, फक्त चिऱ्यांमधले सांधे (दर्जा) भरून तशीच उघडी ठेवायची असते, आणि ती दिसतेही सुंदर. मग पाईप लपवायचा कुठे? उत्तर एकच : भिंत चढत असतानाच पाईप आणि बॉक्स बसवून घ्यायचे. म्हणजे आम्हाला गवंड्यांबरोबर साइटवर असायला हवं.

तिथून आमची पद्धत ठरली. जोतं झालं की आम्ही मालकांना बोलावून खडूने जमिनीवर टेबलं आखतो. कोण कुठे बसणार, दार कुठल्या अंगाला उघडणार, प्रिंटर कुणाच्या हाताशी हवा, हजेरीचं मशीन कुठे, कॅमेरे कुठे? दर टेबलामागे किमान दोन पॉइंट ठेवायचे, हा टीआयए या अमेरिकी संस्थेच्या केबलिंग मानकाचा नियम आम्ही पाळतो. एक पॉइंट पुरेल असं म्हणणारे मालक वर्षभरात दुसरा मागतात, आणि तोवर भिंतीला रंग लागलेला असतो. रॅक म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ते कपाट. रॅकपासून पॉइंटपर्यंत भिंतीतली केबल जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (यंत्राला जोडायच्या सुट्या छोट्या केबल) मिळून १० मीटर, एकूण १००. रॅक इमारतीच्या मध्याशी आणला तर बहुतेक ऑफिसं या मापात आरामात बसतात. २५ मिलिमीटरच्या पाईपात कॅट सिक्स या दर्जाच्या नेटवर्क केबल पाचच घालायच्या, सहावी आत गेली तरी घालायची नाही. ओढताना ११ किलोपेक्षा जास्त जोर लावायचा नाही. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा आवळायचं नाही. विजेच्या वायरींपासून फूटभर अंतर ठेवायचं, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. आणि प्रत्येक पाईपात एक मोकळी दोरी सोडून ठेवायची, म्हणजे पुढे वाढीव पॉइंट काढताना भिंतीला हात लावावा लागत नाही.

दराचे वाद मात्र आजही होतात. बाजारात ३०५ मीटरचा बॉक्स बऱ्याच कमी किमतीत मिळतो. तार वरून तांब्यासारखी दिसते, पण ब्लेडने खरवडली की आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम निघतं. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. कॅमेऱ्याला किंवा वायफायच्या यंत्राला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल, तर ती वाटेतच खर्ची पडते आणि गठ्ठ्यातल्या केबल तापतात. अशी केबल कॅट सिक्सच्या मानकात बसतच नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. यामुळे आमची काही कोटेशनं परत आली आणि त्या त्या वेळी ते जड गेलं. तरीही अशी केबल आम्ही कुणाच्या भिंतीत घालत नाही. ग्राहकासमोर दोन्ही तारा खरवडून दाखवतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो.

किनाऱ्याचे प्रश्न वेगळेच. मालवण, वेंगुर्ले, देवगड या बाजूला खारा वारा रॅकचे साधे स्क्रू एका पावसाळ्यात गंजवतो, म्हणून तिथे आम्ही स्टेनलेस स्टीलचेच वापरतो. प्लग घेताना संपर्कावर ५० मायक्रोइंच सोन्याचा मुलामा असलेलेच घेतो. पातळ मुलाम्याचे प्लग दमट हवेत लवकर हिरवे पडतात. कौलारू इमारतीत माळ्यावरून केबल नेणं सोपं वाटतं, पण तिथे उंदरांचं राज्य, म्हणून तिथली सगळी ओळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाईपातून. आणि आकाशातली वीज! मिरगाच्या आधीचे आणि परतीच्या पावसाचे दिवस आमच्यासाठी काळजीचे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, खाली कातळ, त्यामुळे चांगलं अर्थिंग मिळणं कठीण. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली तर दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक त्या केबलवरून धावतो आणि दोन्ही टोकांचे स्विच जळतात. इमारतीबाहेर पडलो की आम्ही फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबलच टाकतो. काचेतून वीज जात नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांबांवरून नेलेल्या केबल झाडांबरोबर खाली आल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आमच्या एका ग्राहकाची शाखा तिथे तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तर रॅकच्या तळापासून वरपर्यंत चिखल. स्विच गेले, त्यात आश्चर्य नव्हतं. लोकांना समजावून सांगावं लागलं ते केबलचं. वरून पुसली की ती नवी दिसायची, तांबं कुठेही तुटलेलं नव्हतं. पण टोकांतून आत शिरलेलं पाणी जोड्यांच्या मधे बसून राहतं, पंखे लावून ते निघत नाही. त्याने संदेश क्षीण होतो आणि चाचणीत लिंक, म्हणजे रॅक ते पॉइंट ही जोडणी, नापास होते. सगळी केबल काढली. नवी रचना करताना रॅक वरच्या मजल्यावर नेला आणि जमिनीलगतच्या केसिंगऐवजी (केबल झाकणाऱ्या पट्टीऐवजी) सगळे पॉइंट छताकडून खाली उतरवले. आता नदीकाठच्या गावात काम असेल तर पूर्वी पाणी कुठवर आलं होतं, ते आम्ही शेजारच्या दुकानदारांना विचारतो आणि मगच रॅकची जागा ठरवतो.

"आता वायफाय असताना वायरी कशाला?" हा प्रश्न तरुण मालक हमखास विचारतात. त्यांना मी त्यांच्याच इमारतीत फोन घेऊन फिरवतो. चिऱ्याची जाड भिंत, त्यात ती पावसात भिजलेली, सिग्नल पुष्कळसा गिळून टाकते. दोन खोल्या ओलांडल्या की रेंज उरत नाही. वायफाय हवंच, पण त्यासाठी खोलीखोलीत यंत्र लागतं, आणि त्या प्रत्येक यंत्रापर्यंत केबल लागतेच.

काम संपलं की आम्ही फाईल देतो. प्रत्येक पॉइंटला मजला, रॅकमधलं पॅनेल आणि त्यावरचं पोर्ट (केबल खोचायची जागा) यांवरून नंबर, तोच नंबर रॅकच्या टोकाला आणि तोच नकाशावर. नकाशे माझी पत्नी काढते. तिच्या नजरेतून एकही पॉइंट सुटत नाही, आणि लेबल लागल्याशिवाय ती बिल करू देत नाही. फाईलमध्ये प्रत्येक लिंकचा चाचणी अहवाल असतो : तारांचा क्रम, लांबी, संदेशाची घट, जोड्यांमधली झिरप. त्यासाठीचं यंत्र महाग. सुरुवातीची वर्षं आम्ही ते गोव्यातून भाड्याने आणायचो, पुढे कर्ज काढून स्वतःचं घेतलं. हाताखालची मुलं याच पंचक्रोशीतली आहेत. दोघं आयटीआयमधून थेट आमच्याकडे आली, आणि आज साइटवर मी नसलो तरी काम अडत नाही.

सध्या कुडाळ एमआयडीसीत एका काजू कारखान्याचं काम हाती आहे. ऑफिसपासून वजनकाट्यापर्यंतचं अंतर ९० मीटरच्या पुढे जातं, शिवाय मधे मोकळं आवार, म्हणून तिथे फायबर. चर खणून पाईप मिरगाच्या आत गाडून व्हायला हवा. इथे मालकांनी आर्किटेक्टचा नकाशा हातात आल्या आल्याच आम्हाला बोलावलं होतं, त्यामुळे ऑफिसच्या भिंतींतले पाईप गवंड्यांबरोबरच चढलेत. जेसीबी उद्या सकाळी येतोय.