जिंकलेला सामना

भारतीय क्रिकेट संघाने जिंकलेला एकही मोठा सामना मी शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. हरलेले मात्र झाडून सगळे पाहिले आहेत, आणि तेही शेवटच्या गड्यापर्यंत, प्रसंगी समोरच्या संघाने करंडक उंचावून फोटो काढून घेईपर्यंत. पंचवीस-तीस वर्षांच्या निष्ठेचा हा जमाखर्च अलीकडेच माझ्या ध्यानात आला आणि स्वतःचीच थोडी कीव आली.

हे दुखणे मला बाबांकडून मिळाले. 31 जानेवारी 1999 हा रविवार होता आणि चेन्नईच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध आपल्याला 271 धावा करायच्या होत्या. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आई संध्याकाळच्या उसळीसाठी मोड आलेले वाल सोलायला बसली होती. 5 बाद 82 वरून सचिन आणि नयन मोंगिया यांनी डाव सावरायला घेतला, तसे आम्ही भावंडेही एकेक करून परातीभोवती सरकलो, कारण हातांना काही तरी काम हवे होते. बाबा मात्र गॅलरीत येरझारा घालत होते. आतून फक्त त्यांच्या चपलांचा आवाज यायचा आणि दर षटकाला एक प्रश्न यायचा, "किती झाले?" सचिनची पाठ धरली होती, प्रत्येक फटक्यागणिक त्याचा चेहरा पिळवटत होता आणि तरीही तो खेळत होता. विजय 17 धावांवर आला असताना त्याने सकलेनला उंच फटका मारला आणि अक्रमने झेल घेतला. 136 धावांची ती खेळी तिथे संपली. घरात कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात बाबा आत आले, चपला दाराशी काढल्या, कॉटवर मांडी घालून बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चला, आता बघू या. आता कसली भीती!"

उरलेले तीन गडी अवघ्या चार धावांत गेले आणि आपण 12 धावांनी हरलो. ते सारे बाबांनी डोळ्याची पापणी न लववता पाहिले. चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या, तेही पाहिले. त्या रात्री उसळ उत्तम झाली होती आणि कोणीही दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

बाबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला. पराभवाचा ताण येत नाही. ताण येतो तो आशेचा. 2019 च्या जुलैत मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध 240 धावांचा पाठलाग करताना 24 धावांत चौघे परतले, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकून ऐसपैस बसले आणि भाजीही निवडायला घेतली. मग जडेजाची बॅट तळपू लागली आणि माझी पंचाईत झाली. सामना हातात येऊ लागला तशी मी उठून स्वयंपाकघरात गेले, तिथून बाल्कनीत गेले, आणि गप्टिलची फेक थेट यष्ट्यांवर बसून धोनी धावचीत झाल्यावरच पुन्हा सोफ्यावर येऊन टेकले. हल्ली मनगटावर एक घड्याळ असते. त्याने मला जागच्या जागी उभे असताना विचारले होते की आपण व्यायाम करत आहात का.

तेव्हा जिंकण्याच्या वेळी मी कुठे असते, हे आता सांगायला हवे. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर आणि सचिन 18 वर बाद झाला, तोवर मी नीट बसले होते. गंभीर आणि धोनीने आशा दाखवली आणि मी जिन्यात जाऊन उभी राहिले. धोनीचा तो षटकार जगाने पाहिला. मी तो फटाक्यांच्या आवाजात ऐकला. दोन दिवसांवर पाडवा होता आणि वॉचमनकाका विचारत होते, "ताई, घरात काही झाले का?" 29 जून 2024 ला, टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, तर घरच्यांनीच मला बाहेर घालवले, कारण मी खोलीतून गेले की गडी पडतो, असे आमच्याकडे आता सर्वमान्य झाले आहे. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, तेव्हा मी बाल्कनीत होते. तिथे राहून एक विद्या अवगत झाली आहे. समोरच्या विंगमध्ये डिश आहे आणि आमचा सामना इंटरनेटवरून काही सेकंद मागाहून येतो. त्यामुळे आमच्या घरात गोलंदाज धावायला लागतो, तेव्हा समोर निकाल लागलेला असतो. त्या ओरडण्याची लिपी मला वाचता येते. चौकार गेला की नुसता 'च्च' उमटतो, गडी पडला की आवाज खालच्या मजल्यावरून वर चढत जातो. शेवटच्या षटकात मिलरने पहिलाच चेंडू उंच मारला आणि समोरून आधी एक दीर्घ 'अरेरे' आले, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग अख्खी विंग किंचाळली. सीमारेषेवर सूर्यकुमारने चेंडू हवेत उडवून, पलीकडे जाऊन, परत येऊन झेलल्याचे ते ध्वनिमुद्रण माझ्यापाशी आहे. चित्र इतरांपाशी आहे.

हरल्यानंतरचा दिवस हा मात्र स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे दूरच्या चुलत्याचेही सुतक असते, पण या दुःखाला सुतक नाही. 19 नोव्हेंबर 2023 चा विश्वचषकाचा अंतिम सामना रविवारी झाला, हा त्यातला विशेष जाच. सलग दहा सामने जिंकून आलेला संघ अहमदाबादला हरला. ऑस्ट्रेलियाची अवस्था 3 बाद 47 होती, तेव्हा मी अर्थातच बाहेर होते. हेडने शतक पूर्ण केले तेव्हा आत आले आणि मॅक्सवेलच्या शेवटच्या दोन धावांपर्यंत बसून राहिले. फ्रिजमध्ये एक किलो श्रीखंड होते. सोमवारी सकाळी 7.52 च्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात नेहमीच्या सगळ्या जणी होत्या आणि क्लिपा विकणारी सोडून कोणीच बोलत नव्हते. कार्यालयात साहेबांनी विचारले, बरे नाही का? अॅसिडिटी झाली आहे, असे मी सांगितले. अकरा माणसे हरली म्हणून जेवण गेले नाही, हे पगार देणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून 2 नोव्हेंबर 2025 ला मी निश्चय केला. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळला होता, म्हणजे आमच्याच अंगणात, आणि खेळत होत्या त्या मुली 2017 साली लॉर्ड्सवर 9 धावांनी हरलेल्या संघाच्या वारसदार. तो पराभवही मी पूर्ण पाहिला होता. या वेळी उठायचे नाही, असे ठरवून मी लेकीशेजारी बसले. ती चिवडा खात होती. दक्षिण आफ्रिकेची वोल्व्हार्ट शतक पूर्ण करून उभी होती, तिने दीप्तीचा चेंडू उंच मारला, अमनजोत त्याखाली धावली, चेंडू हातातून उसळला, पुन्हा उसळला, आणि मी डोळे घट्ट मिटले.

"आई, घेतला!" लेक ओरडली. मग तिने माझ्याकडे वळून पाहिले आणि चिवड्याची वाटी खाली ठेवली. "तू डोळे मिटले होतेस?"

मध्यरात्र उलटून गेल्यावर झोपलो. सकाळी चहा घेताना मी तो झेल फोनवर दोनदा पाहिला. दुसऱ्यांदाही तो सुटणार, असेच वाटले.